प्राणाभिसराचा वेष

वैद्यकाच्या हस्तलिखित पोथ्या आपल्या प्रांतांत घरोघर सांपडतात. एखादें जुनें दप्तर सोडावें आणि त्यांत माधवनिदानाचीं चार सुटीं पानें निघूं नयेत असें क्वचितच होतें. या पोथ्यांचा कागद, शाई, लेखनकाल यांविषयीं या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याजोगें मजपाशीं कांहीं नवें नाहीं. मला पडलेला प्रश्न निराळा आहे. ती पोथी ज्यानें वाचली तो मनुष्य अपरात्रीं बोलावणें आलें असतां कोणत्या वेषानें घराबाहेर पडे, आणि दार उघडणारास तो कसा दिसे?

या प्रश्नास निमित्त वणीच्या रस्त्यावर घडलें. वणीहून घुग्गुसकडे व वरोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कोळशाच्या गाड्यांची रीघ रात्रंदिवस लागलेली असते. तेथें अपघात ही नवलाची गोष्ट नव्हे. अशाच एका अपघातानंतर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली आणि तींतून एक तरुण स्त्री उतरली. अंगावर पांढरा ॲप्रन, हातांत रबरी मोजे, गळ्यांत स्टेथोस्कोप. गर्दींतल्या एका वृद्धानें तिलाच विचारलें, "बाई, डाक्टर कुठं हाय?" "मीच डॉक्टर. काका, जरा बाजूला सरा, उजेड येऊं द्या," एवढें बोलून ती मान खालीं घालून कामास लागली. पुढें चौकशी करितां ती आयुर्वेदाची पदवीधर असल्याचें कळलें. म्हणजे चरक-सुश्रुत तिनें अभ्यासिले होते. आणि त्या वृद्धाच्या प्रश्नाचें उत्तर त्या ग्रंथांत फार पूर्वींच विचारपूर्वक दिलेलें आहे, हें घरीं येऊन पोथी उघडल्यावर माझ्या ध्यानांत आलें.

आरंभ मात्र सुश्रुताच्याहि मागून केला पाहिजे. आपल्या वाङ्मयांतील पहिले आपत्कालीन वैद्य म्हणजे अश्विनीकुमार. ऋग्वेदांत त्यांची ख्याति स्वस्थपणें नाडी पाहणारे वैद्य म्हणून नाहीं. हांकेसरशीं रथ जोडून निघणारे ते देव आहेत. समुद्रांत बुडणाऱ्या भुज्यूस त्यांनीं बाहेर काढलें, पाण्यांत बांधून टाकलेल्या रेभास वर आणलें, रात्रींच्या युद्धांत जिचा पाय तुटला त्या विश्पलेस लोहाची जंघा बसवून दिली. त्वरा हाच त्यांचा मुख्य गुण. असें असतां याच अश्विनांस देवांच्या पंक्तींत सोमाचा अधिकार नव्हता. तैत्तिरीय संहितेंत त्याचें कारण दिलें आहे तें वाचून मनुष्य क्षणभर थबकतो. ते दोघे मनुष्यचर, म्हणजे मनुष्यांत फिरणारे वैद्य, म्हणून अपवित्र. यज्ञाचें शिर तुटलें तेव्हां मात्र देवांस त्यांचीच आठवण झाली. शिर जोडून देण्यापूर्वीं अश्विनांनीं आपला सोमाचा ग्रह मागून घेतला. आणि देवांनीं तो दिला तोहि त्यांस शुद्ध करून घेऊन मगच.

स्मृतिकारांनीं हीच दृष्टि पुढें चालविली. मनुस्मृतींत श्राद्धांत वर्ज्य असलेल्यांच्या यादींत चिकित्सक आहे, आणि त्याचें अन्न पुवासारखें मानिलें आहे. या निषेधाच्या मुळाशीं द्वेष होता असें मला वाटत नाहीं. ज्यास रक्त, पू, मळ आणि कधीं कधीं प्रेत यांस शिवावें लागतें त्याच्याविषयींचा तो विटाळ होय. परंतु परिणाम एकच. ज्यास संकटांत हांक मारावयाची त्यासच संकट टळल्यावर ओसरीवर बसवावयाचें. ही दुहेरी वागणूक ध्यानांत ठेवल्यावांचून वैद्याच्या वेषाविषयींचे संहिताकारांचे नियम नीट उलगडत नाहींत.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत विशिखानुप्रवेशनीय नांवाचा दहावा अध्याय आहे. शास्त्र शिकून, कर्म पाहून, हातानें अभ्यास करून, राजाची अनुज्ञा मिळवून जो वैद्य व्यवसायास बाहेर पडतो त्याचें बाह्यरूप तेथें सांगितलें आहे. नखें व केस आंखूड असावेत, शरीर शुचि असावें, वस्त्र पांढरें असावें. हातांत दंड, डोक्यावर छत्र, पायांत वाहाणा असाव्यात. वेष उद्धत नसावा. मन प्रसन्न, बोलणें कल्याणाचें, वागणूक निष्कपट असावी, आणि बरोबर चांगला सहायक असावा. ही यादी शोभेची नव्हे. आंखूड नखें व शुचिता हीं व्रण हाताळणाऱ्याचीं लक्षणें. छत्र, दंड व वाहाणा हीं ऊन, पाऊस, कांटा, कुत्रें न पाहतां निघणाऱ्याचीं. पांढऱ्या वस्त्रावर डाग लपत नाहीं, हें कारण तर उघडच आहे. पण मला आणखी एक कारण संभवनीय वाटतें. ज्या मनुष्याच्या धंद्यावर अपावित्र्याचा शिक्का बसला होता त्यानें लोकांपुढें येतांना आपली शुचिता डोळ्यांस दिसेल अशी धारण करावी, हा त्यांतला हेतु असावा. हें माझें अनुमान आहे. टीकाकारांचा त्यास आधार मी दाखवूं शकत नाहीं.

अध्यायाच्या नांवांतील विशिखा या शब्दाकडेहि पाहावें. विशिखा म्हणजे रस्ता, आळी. वैद्यक शिकलेल्याचा खरा आरंभ ग्रंथ संपल्यावर नव्हे, तर रस्त्यावर पाऊल टाकल्यावर होतो, असें हें नांव सांगतें. आज दवाखान्याची पाटी लावून खुर्चींत बसलेला डॉक्टर हें आपल्या डोळ्यांपुढचें वैद्याचें चित्र आहे. सुश्रुताचा वैद्य चालत येणारा आहे. या एका बाबतींत रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर संहितेस अधिक जवळचा.

चरकानें वस्त्रांपेक्षां उंबऱ्याचा विचार अधिक केला. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत शिष्यास दिलेल्या उपदेशांत रोग्याच्या घरीं कसें शिरावें हें सांगितलें आहे. त्या घरास परिचित असलेल्या आणि ज्यास आंत येण्याची अनुमति आहे अशा पुरुषास बरोबर घेऊन शिरावें. अंग नीट झांकलेलें असावें. मान खालीं असावी. पाऊल व दृष्टि सांभाळून असावी. आंत गेल्यावर वाणी, मन, बुद्धि व इंद्रियें रोग्यावांचून दुसऱ्या कशाकडेहि लावूं नयेत. घरांतील गोष्टी बाहेर सांगूं नयेत. रोग्याचें आयुष्य सरत आलें आहे असें कळलें तरी, ज्याच्या मनास त्यानें धक्का बसेल त्याच्यापुढें तें बोलूं नये. हा उपदेश मी अनेकदां वर्गांत शिकविला. परंतु त्या रात्रीं रस्त्यावर मान खालीं घालून बसलेली ती स्त्री पाहीपर्यंत अवाक्शिरस् या शब्दाचा अर्थ मी नम्रता एवढाच समजत होतों. मान खालीं असते कारण दृष्टि रोग्यावर असते.

आतां रणांगणाकडे वळूं, कारण तांतडीचें वैद्यक तेथें वाढलें. कौटिल्यानें सांगितलें आहे कीं, शस्त्रें, यंत्रें, विषावरील औषधें, तेलें व पट्ट्यांचीं वस्त्रें हातीं घेतलेले चिकित्सक आणि अन्नपाणी सांभाळणाऱ्या स्त्रिया यांनीं सैन्याच्या पाठीमागें उभें राहावें. येथें वेष सांगितला नाहीं. हातांत काय असावें तें सांगितलें. सैनिकानें मागें वळून पाहिलें तर त्यास तीं उपकरणें दिसावींत आणि धीर यावा, हा त्यांतील आशय. महाभारतांत शरशय्येवरील भीष्माकडे शल्यें काढण्यांत कुशल असे वैद्य सर्व साहित्यासह येतात. भीष्म उपचार नाकारतो. पण त्यांस धन देऊन, सत्कार करून परत पाठवावें असें दुर्योधनास सांगतो. स्मृतींतील निषेधांपुढें हा प्रसंग ठेवून पाहावा.

सुश्रुताच्या युक्तसेनीय अध्यायांत सर्वांत महत्त्वाचें स्थळ आहे. मोठ्या छावणींत राजाच्या निवासालगत सर्व साहित्यानें सज्ज असा वैद्य असावा. कीर्तीनें ध्वजासारख्या उंच झालेल्या त्या वैद्याकडे विष, शल्य व रोग यांनीं पीडलेले लोक अमोहानें येतात. कांहीं भाषांतरकार यावरून वैद्याच्या तंबूवर खरोखरीचा ध्वज लावीत असा अर्थ काढतात, आणि मग आजच्या चिन्हांचें मूळ येथें दाखविण्याचा मोह अनावर होतो. तो आवरला पाहिजे. ध्वजवत् ही उपमा आहे; ध्वज कापडाचा नाहीं, ख्यातीचा आहे. पण उपमेंतला विचार कापडी ध्वजापेक्षां मोलाचा आहे. अमोह हा त्यांतला कळीचा शब्द. घाबरलेल्या मनुष्याची विचारशक्ति आधींच गुंतलेली असते. कोणाकडे धांवावें हें त्यास शोधावें लागूं नये. दिसण्याचें प्रयोजन एवढेंच.

तथापि दिसणें फसवूंहि शकतें, हें चरकास पक्कें ठाऊक होतें. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत त्यानें छद्मचर वैद्य वर्णिले आहेत. वैद्याचीं भांडीं, औषधें, पोथ्या आणि पाहण्याची ऐट यांवरच ते वैद्य ही पदवी मिळवितात. एकोणतिसाव्या अध्यायांत तो दोन वर्ग करतो. प्राणाभिसर म्हणजे प्राणांच्या साह्यास जाणारे आणि रोगांस मारणारे. रोगाभिसर म्हणजे नेमके उलटे. हे दुसऱ्या वर्गाचे लोक वैद्याच्या सोंगांत विशिखांतून फिरतात, कोणी आजारी आहे असें कळतांच तेथें धांवतात, ऐकूं जाईल अशा आवाजांत आपले गुण सांगतात आणि चालू असलेल्या वैद्याचे दोष पुन्हां पुन्हां काढतात. सुश्रुताच्या वैद्याची विशिखा ती हीच. म्हणजे रस्त्यानें दोघेहि येतात. तेव्हां धांवत येणें हें एकच लक्षण पुरेसें नाहीं, आणि पांढरें वस्त्रहि नाहीं. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन या लांबलचक नांवास मराठी प्रतिशब्द शोधणारांनीं प्राणाभिसर या शब्दाचा विचार करावा, अशी माझी सूचना आहे. उच्चारास जड आहे हें मला मान्य आहे.

दूताचें प्रकरण येथें थोडक्यांत आटोपतों. वैद्यास बोलावण्यास आलेल्या मनुष्याचा वेष, बोलणें व उभें राहणें यांवरून रोग्याचें शुभाशुभ ओळखण्याचे पुष्कळ नियम दोन्ही संहितांत आहेत. म्हणजे दार उघडणारा जसा वैद्यास पाहत होता तसाच वैद्यहि बोलावणारास पाहत होता. आज दूत म्हणजे दूरध्वनि. त्यास वेष नाहीं. पुण्याच्या केंद्रांत बसलेल्या माणसास आवाजाचा कंप आणि गांवाचें नांव एवढ्यावरच काम भागवावें लागतें.

मध्ययुगांतील साधनें या बाबतींत फारच मुकीं आहेत. एक प्रसिद्ध उदाहरण मात्र पाहण्यासारखें आहे, जरी तें तांतडीच्या उपचाराचें नव्हे. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत कावसजी नांवाच्या मराठी गाडीवानाची हकीकत छापली आहे. इंग्रजी फौजेबरोबर असतां १७९२ च्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळ एका देशी शस्त्रवैद्यानें कपाळाच्या कातडीचें नवें नाक त्यास लावून दिलें, आणि या हकीकतीवरून युरोपांतील शस्त्रवैद्य ती क्रिया शिकले. त्यांत कावसजीचें चित्र आहे, नांव आहे. शस्त्रवैद्याची केवळ जात दिली आहे, विटा करणाऱ्या कुंभाराची. त्याचें नांव नाहीं, चित्र नाहीं, त्यानें काय नेसलें होतें याचा एक शब्द नाहीं. जगाचें लक्ष नाकाकडे होतें.

बोधचिन्हाचा इतिहास याच्या नंतरचा. २४ जून १८५९ रोजीं सोल्फेरिनोच्या लढाईनंतर आंरी द्युनां यानें जखमींचे हाल पाहिले. त्यांतून २२ ऑगस्ट १८६४ चा जिनीव्हाचा करार झाला आणि पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस हें लष्करी वैद्यकसेवेचें चिन्ह ठरलें. त्याचा अर्थ, येथें औषध मिळतें, असा नसून, यावर गोळी झाडूं नये, असा आहे. या दोहोंतील भेद आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे. १८९९ त बोअर युद्धांत गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंत जखमी वाहणाऱ्या हिंदी लोकांचें जें पथक उभारलें त्यांत सुमारे १,१०० माणसें होतीं. सुमारें ३०० स्वतंत्र आणि बाकीचीं गिरमिटिया. तांबड्या क्रूसाच्या आश्रयाखालीं तीं डोल्या वाहून दिवसाकांठीं वीस-पंचवीस मैल चालत. गोळीच्या माऱ्यांत शिरण्याची त्यांच्यावर सक्ति नव्हती. स्पिअन कॉपच्या प्रसंगीं विनंती झाली तेव्हां तीं शिरलीं. ज्या वसाहतींत हिंदी मनुष्यास कुली म्हणून हिणवीत तेथील वर्तमानपत्रांनीं त्या दिवसांत त्यांची स्तुति छापली. डोली खांद्यावर असेपर्यंत ती टिकली. युद्ध संपल्यावर हिंदी लोकांवरील निर्बंध कमी झाले नाहींत.

आपल्या देशांत जिनीव्हा करारांचा कायदा १९६० त झाला, आणि केंद्र सरकारच्या परवानगीवांचून तांबडा क्रूस वापरणें त्यानें निषिद्ध ठरविलें. तरीहि डॉक्टरांच्या मोटारींवर, औषधांच्या दुकानांवर आणि खाजगी रुग्णवाहिकांवर तो सर्रास रंगविलेला दिसतो. रुग्णवाहिकांसाठीं अमेरिकेंत निराळें चिन्ह काढण्यांत आलें आणि १९७७ त त्याची तेथें नोंदणी झाली. तें निळें, सहा पाकळ्यांचें, मध्यें दंडास वेढा घातलेला सर्प. सहा पाकळ्या म्हणजे आपत्ति ओळखणें, कळविणें, धांवून जाणें, जागेवर उपचार, वाटेंत उपचार आणि रुग्णालयाच्या स्वाधीन करणें. षडंगाची आवड असलेल्या माझ्यासारख्यास ही योजना पसंत पडली. पण सर्पाचें आमच्याकडे काय होतें? कापसाच्या रानांत सर्पदंश नेहमींचे. मारेगांवकडील एका शेतकऱ्यानें मला गंभीरपणें विचारलें होतें कीं, ही गाडी फक्त साप चावलेल्यांसाठींच आहे काय? चिन्ह ओळखण्यापूर्वीं तें शिकावें लागतें. १०८ हा आंकडा मात्र कोणास शिकवावा लागला नाहीं; जपमाळेच्या मण्यांमुळें तो घराघरांत आधींच होता.

वेषानें केवढा अनर्थ होतो याचें उदाहरण १८९७ चें पुणें होय. १८९६ त मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची साथ आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून रँड आले आणि मार्चपासून घरोघर तपासणी सुरू झाली. तें काम गोऱ्या शिपायांकडे दिलें होतें. रोगी शोधून काढून रुग्णालयांत न्यावा, त्याच्या सहवासांतील माणसें वेगळीं ठेवावीं, या हेतूंत वैद्यकदृष्ट्या अयोग्य असें थोडेंच होतें. परंतु उंबऱ्यांत उभा राहिला तो लष्करी गणवेष, आणि तो स्वयंपाकघरापर्यंत व देवघरापर्यंत गेला. तुकड्यांबरोबर एतद्देशीय गृहस्थहि जात असत. म्हणजे चरकाच्या नियमाचें बाह्यांग पाळलें गेलें होतें. परिचित पुरुष होता. पण ज्याच्या प्रवेशास घराची अनुमति आहे असा पुरुष, हें चरकाचें दुसरें विशेषण तेथें लागू पडत नव्हतें. रोग्यास न्यावयास आलेली डोली म्हणजे मरणाची डोली असें लोकांनीं ठरविलें आणि रोगी लपविले. २२ जूनच्या रात्रीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. त्याच रात्रीं आयर्स्ट हा दुसरा अधिकारीहि मारला गेला.

याच महिन्यांतली, याच परिसरांतली दुसरी घटना तपासणीच्या इतिहासांत बहुधा येत नाहीं. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनीं हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत आणलें. त्यांतच त्यांस लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या अंगावर कोणतेंहि चिन्ह नव्हतें, गणवेष नव्हता. नऊवारी लुगडें होतें. त्यांच्या पाठीवरून दवाखान्यांत आलेलें मूल शिपायांच्या डोलींतून गेलेल्या मुलाइतकेंच घरापासून दूर झालें होतें. परंतु वस्तींतल्या लोकांस त्या बाई अनेक वर्षांपासून माहीत होत्या.

१८९७ चा तो कायदा मोडीत निघाला नव्हता. २०२० त करोनाच्या साथींत तोच बाहेर काढण्यांत आला. २२ मार्चला लोकांनीं गच्च्यांवर उभें राहून वैद्यकसेवकांसाठीं टाळ्या व थाळ्या वाजविल्या. त्यानंतर अनेक ठिकाणीं भाड्यानें राहणाऱ्या परिचारिकांस व डॉक्टरांस खोल्या सोडण्यास सांगण्यांत आलें, कांहीं गांवांत दगडहि मारले गेले. २२ एप्रिलला त्या जुन्या कायद्यांत वटहुकुमानें दुरुस्ती करून वैद्यकसेवकांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा करावा लागला; ३ मे रोजीं विमानांतून रुग्णालयांवर फुलें टाकण्यांत आलीं. सहा आठवड्यांत तैत्तिरीय संहितेंतील ती कथा पुन्हां घडली म्हणावयाची. आपल्या राज्यांत अशा हल्ल्यांविरुद्ध निराळा कायदा २०१० पासून होताच.

त्या साथींतील वेष मात्र सर्वथा नवा होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरें आवरण, डोळ्यांवर कांच, तोंडावर मुखपट्टी. संहितेंतील पांढरें वस्त्र मनुष्याची शुचिता दाखवीत होतें; या आवरणानें मनुष्यच झांकला. रोगी आपणांस कोण नेत आहे हें पाहूं शकत नव्हता. स्त्री कीं पुरुष, तरुण कीं वृद्ध, हंसत आहे कीं रागावली आहे, कांहींच कळेना. तेव्हां अनेक ठिकाणीं डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं त्या आवरणावर छातीशीं काळ्या शाईनें आपलें नांव लिहिण्यास आरंभ केला. हा नियम कोणीं घालून दिला नव्हता. खेड्यांत गाडी येण्यापूर्वीं दारांत जाणारी आशा ही गांवचीच सून किंवा लेक असे. ती पुढें व गाडी मागें, असें जेथें झालें तेथें दार लवकर उघडे. चरकाचा अनुमत पुरुष तेथें ओढणीनें तोंड बांधलेल्या बाईच्या रूपानें आला.

आतां वणीकडे परत येऊं. संशोधकांसाठीं एक सूचना आधीं देतों. इंग्रजी कागदांत वणीचें नांव वून असें येतें, आणि आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वून जिल्हा याच नांवानें ओळखला जात असे. त्यामुळें जुन्या अहवालांत यवतमाळ शोधणारास कांहीं मिळत नाहीं, आणि वणी शोधणारा सप्तशृंगीजवळच्या नाशिककडील वणीस जाऊन पोंचतो.

तेथील पूर्वींची रीत वृद्धांच्या तोंडून ऐकलेली आहे. रोग्यास बाजेवर घालून चौघांनीं उचलावयाचा, किंवा बंडींत कडबा पसरून त्यावर निजवावयाचा, आणि निर्गुडा नदीस पूर असेल तर उताराची वाट पाहत बसावयाचें. बाज उचलणारे नात्यागोत्याचेच असत. वेषाचा प्रश्नच नव्हता. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यांत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. आंध्रांत ती १५ ऑगस्ट २००५ पासूनच होती, आणि पैनगंगेपलीकडच्या सोयऱ्यांकडून आमच्याकडील लोकांनीं ती ऐकली होती. आरंभीं राज्यासाठीं ९३७ गाड्या होत्या. २३३ अधिक साधनसामग्रीच्या व ७०४ प्राथमिक साधनांच्या. आपल्या राज्याचा विशेष असा कीं, गाडीवर डॉक्टर असतो, आणि तो बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर असतो. यवतमाळ येथून शंभरावर किलोमीटर, चंद्रपूर त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर. वाटेंतला सगळा वेळ रोग्यापाशीं तोच एकटा. असें असून दवाखान्यांत बसणाऱ्या डॉक्टरास जो मान मिळतो तो यास मिळत नाहीं. लोक म्हणतात, "एकशेआठवाला आला." चालक आणि डॉक्टर दोघांसहि हें एकच नांव. गाडी उशिरां आली तर खड्ड्यांचा राग त्याच्यावर, वाटेंत प्राण गेला तर नियतीचा राग त्याच्यावर. आणि रोगी वांचला तर श्रेय मोठ्या रुग्णालयास.

वेषाचा आणखी एक कठीण प्रसंग या जिल्ह्यानें २०१७ च्या पावसाळ्यांत पाहिला. कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन जिल्ह्यांत वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. अशा विषबाधेंत बहुधा पहिलें काम औषध देण्याचें नसतें. भिजलेले कपडे अंगावरून उतरवून अंग साबणपाण्यानें धुवावयाचें असतें, कारण कातडींतून विष भिनत राहतें. उतरविणाराच्या हातांत मोजे नसतील तर तोहि बाधित होतो. बाहेरून पाहणारास मात्र इतकेंच दिसतें कीं, आपल्या माणसाचे प्राण कंठाशीं आले असतां हा मनुष्य रबरी मोजे घालून त्याचे कपडे काढीत बसला आहे. मोज्यांचा अर्थ किळस असा घेतला जातो. रोगी स्त्री असेल तर हात धरण्यापर्यंत पाळी जाते. अशा वेळीं घरांतील एका शहाण्या बाईस जवळ उभें करून, काय करतों व कां करतों हें दोन वाक्यांत सांगून मग कपड्यास हात घालणारे डॉक्टर आहेत. बोलणें कल्याणाचें असावें, हें सुश्रुताच्या त्या यादींत वस्त्राच्या जोडीसच आहे.

पोथ्यांच्या संग्राहकांस एक विनंती करावयाची आहे. ज्यांच्या घरीं वैद्यकी चालत होती त्यांनीं निदान व चिकित्सेच्या पोथ्या काढून घेतल्यावर उरलेलें बाड रद्दींत घालूं नये. जमाखर्चाचे बंद, बोलावण्याच्या चिठ्या, औषधांच्या बटव्याचीं टांचणें, छत्री, जोडा, उपरणें यांच्या खरेदीच्या नोंदी, घोड्याचा दाणा, रात्रीं गेलेल्या खेपेचा वेगळा आकार, यांपैकीं जें निघेल त्याची नक्कल करून ठेवावी. जुना वैद्य दाराशीं कसा दिसत होता हें कळण्यास दुसरें साधन नाहीं. आजच्या गाडीवरील डॉक्टर प्रत्येक रोग्याचें एक नोंदपत्रक भरतो. हांक केव्हां आली, गाडी केव्हां पोंचली, नाडी किती होती, काय दिलें, कोठें पोंचविलें, आणि खालीं त्याची सही. हे कागद किती वर्षें ठेवावयाचे आणि पुढें त्यांचें काय करावयाचें, हें ठरविणारांपर्यंत आपल्यासारख्या मंडळांचें म्हणणें वेळींच गेलें पाहिजे.